तेलाच्या डब्याच्या चकत्या

मिस्त्रींचा एक लौकिक होता. दुरुस्तीला आलेली होडी ते सांगितलेल्या वेळेआधी परत करत. शिडाच्या होड्यांच्या क्लबात बत्तीस वर्षं काढलेल्या या माणसाला तो लौकिक जिवापाड प्रिय होता, आणि त्यांचा घात त्यानेच केला.

एका शुक्रवारी सकाळी त्यांच्या भाचीने, धाकट्या बहिणीच्या मुलीने, आपली छोटी कॅटामरान वर्कशॉपच्या दारात आणून उभी केली. दोन निमुळत्या होड्या, मध्ये ताणलेली जाळी. मागे सुकाणूची दोन पाती, आणि ती एकदम वळावीत म्हणून त्यांना जोडणारी आडवी नळी; ती वळवायला हातात धरायचा दांडा.

“मामा, सुकाणूत प्ले आलाय, ढिलं पडलंय. दांडा चार बोटं हलवला तरी होडीला पत्ता नसतो.”

“मालकिणीवर गेलीय. एका हाकेत ऐकत नाही.”

“घाई नाही रे. रविवारी एक बाई शिकायला यायच्यात, त्यांना दुसरी होडी घेईन.”

“दुसरी कशाला? दुपारी चहाला ये आणि घेऊन जा.”

नळी जिथे बोल्टने बसते तिथली भोकं झिजून लांबट झाली होती. खरं काम म्हणजे ती रेझिनने बुजवायची, दिवसभर वाळू द्यायची आणि नव्याने पाडायची. हे मिस्त्रींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दुपार कबूल करून बसले होते. त्यांनी तेलाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्याच्या चकत्या कापल्या, फटीत कोंबल्या आणि बोल्ट जीव खाऊन आवळले. स्टँडवर पाती हलवून पाहिली. केसभरही प्ले नाही. अर्थात, हवेत लटकणाऱ्या पात्याला पाणी रेटत नसतं.

रविवारी धक्क्याजवळ वारा वाढला. भाचीने वळायला दांडा दाबला. चकत्या चेपून सटकल्या, दांडा सैल फिरला, आणि होडी सरळ जाऊन नांगरलेल्या लाँचवर आदळली. शिकायला आलेल्या बाईंचं मनगट मोडलं.

सोमवारी मिस्त्रींनी बोल्ट उघडला. एक चकती गायब होती, दुसरी चावून थुंकल्यासारखी. नेमके तेव्हाच क्लबाचे सचिव दारात आले.

“सुकाणूत काही दोष?”

मिस्त्रींनी मूठ मिटली. “सुकाणू मी शुक्रवारीच घट्ट केलं होतं.”

वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सचिवांनी लिहून घेतलं: चालकाचा अंदाज चुकला. भाचीचा शिकवण्याचा परवाना काढून घ्यायचा का, ते बुधवारच्या बैठकीत ठरणार होतं.

सोमवारी त्यांनी भोकं बुजवली, मंगळवारी नव्याने पाडली. इतकं नेटकं काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते बघून त्यांना बरं वाटेना. ड्रिल ठेवलं आणि तडक बहिणीचं घर गाठलं.

“बरं झालं आलास, दादा,” बहीण म्हणाली. “तूच समजाव तिला. दोन घासांवर उठते.”

भाची टेबलाशी बसली होती. “मामा, मी दांडा वेळेवर दाबला होता. निदान तसं वाटतं. पण इतक्यांदा आठवून पाहिलं, की आता तेही खात्रीनं सांगवत नाही.”

मिस्त्रींनी खिशातून चेपलेली चकती काढून टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“तुझ्या सुकाणूतलं. तेलाच्या डब्याचं आहे. मी घातलं होतं. तू वेळेवरच दाबला होतास.”

बहिणीने गॅस बंद केला. भाचीने चकती उचलून उलटसुलट पाहिली.

“काल का नाही सांगितलंस?”

“धीर झाला नाही.”

“दोन दिवस मी माझ्याच हातांकडे संशयानं बघतेय, मामा. माझ्या हातांकडे!” ती उठली. “उद्या बैठकीत हे सांगायचं. सगळ्यांसमोर. मी शेजारी उभी राहणार नाही.”

बुधवारी त्यांनी सांगितलं. सचिवांनी जुना कागद फाडला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, “अशा चकत्या आणखी कुणाच्या होडीत?”

नाही म्हणून सुटता आलं असतं. मिस्त्रींनी बोटांवर मोजलं.

“सहा.”

संध्याकाळपर्यंत सहाही होड्या पाण्याबाहेर होत्या. ज्याला सगळे कप्तान म्हणत तो सभासद वर्कशॉपवरून जाताना ओरडला, “वा मिस्त्री! वेळेआधी परत, आणि वेळेआधी तळाला!” आजूबाजूचे हसले. मिस्त्री त्या बाईंच्या घरीही जाऊन आले. बाईंनी ऐकून घेतलं, प्लास्टरमधला हात मांडीवर सावरला आणि म्हणाल्या, “मी त्या मुलीला काय काय बोलले, माहितीय तुम्हाला?” त्यांनी बसा म्हटलं नाही.

शनिवारी भाची होडी न्यायला आली. तिचा परवाना कायम राहिला होता. तिने दांडा हलवला. पाती लगेच वळली.

“झालंय,” मिस्त्री म्हणाले.

“पाना दे.”

तिने एकेक बोल्ट खोलला, प्रत्येक भोकात बोट फिरवलं. आत अंधार होता म्हणून मिस्त्रींनी बॅटरी धरली. मग तिनेच बोल्ट आवळले. मिस्त्रींनी हात पुढे केला तेव्हा म्हणाली, “राहू दे.”

होडीचा गाडा उतारावरून पाण्यात न्यायला दोन माणसं लागतात. तिने हाक मारली नाही. मिस्त्री मागून जाऊन हातभार लावू लागले, तेव्हा मात्र ती ‘राहू दे’ म्हणाली नाही.