चुकेल त्याचा केक

डोर्तेला नापास झाल्याच्या दुःखापेक्षा केक करावा लागल्याचा राग जास्त आला होता. ती नोकरी करायची त्या नगरपालिकेच्या कचेरीत रीतच तशी: ज्याच्या हातून चूक होईल त्याने शुक्रवारी सगळ्यांना केक आणायचा. नेटवर्कच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटणं ही चूकच, असं मंडळींनी हसत हसत ठरवून टाकलं.

हसायला त्यांचं काय जात होतं? अडकलेले प्रिंटर सोडवण्यात आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्यात डोर्तेची उमेदीची वर्षं गेली होती, आणि नेमकं तेच काम उन्हाळ्यानंतर बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं. नेटवर्कचं काम तेवढं कचेरीत राहणार होतं. तिथे जागा एकच, आणि ती कुणाला द्यायची हे एस्बेनच्या हातात. तो तिचा साहेब, वयाने तिच्या मुलाएवढा.

रोज संध्याकाळी राय नावाच्या धान्याच्या काळपट पावाचा तुकडा चावत ती पुस्तक उघडायची. कुठल्या मशीनचा पत्ता काय, कुठला निरोप कुठल्या वाटेने जातो, वाचताना सगळं कळायचं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबली जिथे येऊन जोडतात त्या डबीत, खोचली तर काय होतं, या प्रश्नाला तिने परीक्षेत 'काहीच नाही' असं ठोकून दिलं होतं. खरं तर निरोप त्या फेऱ्यात अडकतो, गरगर फिरत वाढत जातो आणि शेवटी सगळ्यांचीच वाट अडवतो. आता तिने ते झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण उपयोग काय? वरातीमागून घोडं.

शुक्रवारी सफरचंदाचा केक झाला. लोक मिटक्या मारत आपापल्या जागी गेले आणि बैठकीची खोली आवरणं रीतीप्रमाणे केक आणणारीच्या गळ्यात पडलं. डोर्तेने चरफडत ताटल्या उचलल्या, टेबल पुसलं, लोंबणाऱ्या वायरी खोचून टाकल्या.

ती खाली येते तो सगळी कचेरी ठप्प. पासपोर्टच्या खिडकीसमोर लोक ताटकळलेले, फोन मुके, एस्बेन यंत्रांच्या खोलीत घाम पुसतोय. डोर्तेला एकदम पुस्तकातलं ते पान आठवलं. एकेक खोली पालथी घालत ती परत बैठकीच्या खोलीत आली. टेबलाखालच्या छोट्या स्विचचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात होती. तिने एक टोक उपटलं आणि थोड्याच वेळात खाली फोन वाजू लागले.

मग तिला आठवलं, ते टोक मघाशी लोंबत होतं आणि फडकं मारता मारता तिनेच ते खोचलं होतं. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली तिला.

एस्बेन धापा टाकत आला. "तू शोधलंस? अगं, मी तिकडे डोकं आपटून घेत होतो. परीक्षा गेली उडत, सोमवारी त्या जागेसाठी तुझंच नाव देतो." मग त्याने ती केबल हातात घेतली. "पण हे कुठल्या गाढवाने केलं?"

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं?

"पुढच्या शुक्रवारीही केक मीच आणते," ती म्हणाली.

एस्बेनने एकदा हातातल्या केबलकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"सफरचंदाचाच आण," तो म्हणाला. सोमवारचं मात्र पुन्हा काही बोलला नाही.