गळ्याची पट्टी

नातीची पट्टी धुऊन दोरीवर टाकली आणि तिथंच टेकले. कंबर आता साथ देत नाही बाई. हॉकीत गोल राखणारीच्या नरड्याला चेंडू लागू नये म्हणून ही जाड पट्टी बांधतात. हिची आई, माझी सुमी, हेच खेळायची. पण असं काही मिळतं हेच तेव्हा आमच्या बेला गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

पोळ्याची आदली संध्याकाळ होती, खांदशेकणीची. सुमीचे बाबा बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते. तेवढ्यात सुमी शाळेतून आली. चेंडू लागून नरडं हे एवढं सुजलेलं.

"बस झाला आता खेळ!" बाबा ओरडले.

"काऊन? बैलाचा खांदा सुजला त तुमी बैल विकून टाकता का?" आवाज फुटत नव्हता, पण तोंड चालूच!

बाबांना हसू आलं. तोच हळद-लोण्याचा हात त्यांनी हळूच तिच्या गळ्यावर फिरवला. "जाय मंग, पोळा झाल्यावर."

तेव्हा मला वाटलं, पोरीनं बापाला जिंकलं. आता वाटतं, तिच्या गळ्याला लावायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.