मधल्या खोलीतला खड्डा
नव्या सुती साडीच्या खळीचा वास आला की धुळ्याच्या घरातली ती दुपार आठवते. उत्तरेतून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका विणकर कुटुंबाकडून वडिलांनी ते घर विकत घेतलं होतं. फरशी बसवायला मधली खोली उकरताना गवंड्याची पहार भसकन खाली गेली आणि मातीखाली विटांनी बांधलेला लांबट खड्डा निघाला. "आबा, हाई कबर शे," वडिलांना एवढंच सांगून गवंडी अंगणात जाऊन उभा राहिला. दारात माणसं जमली. कबर असेल तर घर सोडावं लागणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. आईने चूलही पेटवली नाही. वडिलांनी जुन्या मालकांना बोलावणं धाडलं. ते काठी टेकत आले, खड्ड्यात डोकावले. मग चपला काढून काठावर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय आत सोडले. पाय आपोआप खालीवर होऊ लागले, हात जणू सुताचा धोटा इकडून तिकडे फेकू लागले. "अब्बांचा हातमाग इथे होता, भाऊ. खड्ड्यात पाय सोडून चालवायचा," ते म्हणाले. "पॉवरलूम आले तेव्हा खड्डा मीच बुजवला. अब्बा इथे आले तेव्हा आधी हा खड्डा खणला, भिंती मागून उभ्या केल्या." आता सगळ्या घरात फरशी आहे. त्या खड्ड्यावर मात्र लाकडी फळी आहे, आणि कधीतरी ती सरकवून मीही आत पाय सोडून बसते.