चादरींची चार अक्षरं

मालवाहू जहाज रिसॉर्टसमोर उथळ पाण्यात येऊन बसलं, तेव्हा तुळजा लिनन रूममध्ये उशांचे ओले अभ्रे वेगळे काढत होती. वादळाची सूचना आल्यावर पाहुणे कालच हलवले होते. मागं राहिले होते मॅनेजर अरुण आणि वीसेक कामगार. कुणीतरी ओरडलं, "कप्पल! कप्पल!" जहाज म्हणजे कप्पल, हे कळायला तुळजाला भाषांतर लागत नव्हतं. जन्म सैदापेटचा, घरात तंजावरची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ.

बावीस वर्षं ती या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळत होती. धाकटा भाऊ प्रतापसिंह शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटर कंपनीत होता. लग्नकार्यात तो ओळख करून देई, "आमची अक्का हॉस्पिटॅलिटीत आहे," आणि धुलाईचं नाव निघायच्या आत विषय बदली. तुळजाला ते टोचायचं, पण ती बोलून दाखवायची नाही. कामात मात्र तिच्यापुढं कुणाचं चालत नसे. "पाहुणा खोलीत शिरला की आधी पलंग बघतो, मग समुद्र," असं ती नव्या मुलींना बजावायची.

ती धावत व्हरांड्यात आली. पावसाच्या पडद्यापलीकडं, तीनेकशे मीटरवर, तांबड्या पोटाचं ते प्रचंड जहाज वाळूत रुतून एका अंगावर कललं होतं. 'अंबरमणी' हे नाव वाचता येत होतं. डेकवर नारिंगी जाकिटातली माणसं दिसत होती. इंजिन बंद, दिवे गेलेले. अरुण फोनवर तटरक्षक दलाशी बोलत होता. "वायरलेसवर जहाजाकडून उत्तर नाही," त्यानं फोन ठेवून सांगितलं. "वारा पडल्याशिवाय हेलिकॉप्टर उडणार नाही."

तेवढ्यात सेल्वी किंचाळली. सेल्वी तुळजाच्या हाताखाली इस्त्रीला होती. तिचा नवरा मुरुगन शेजारच्या कोळीवाड्यातला नावाडी. "अक्का, ते लाइफबोट सोडतायत! पालथी होणार ती! इथं वाळूच्या बांधावर लाट फुटते. आमची माणसंसुद्धा आज पाण्यात नाव घालणार नाहीत."

"मग त्यांनी करायचं काय?"

"काही नाही! वरच बसायचं. जहाज कुठं जात नाही, वाळूत घट्ट बसलंय. दुपारी वारा दक्षिणेचा होईल, लाट मऊ पडेल. मग आमचे लोक जाऊन आणतील."

एवढंच त्यांना कळवायचं होतं. अरुण हात हलवून ओरडला. वाऱ्यानं त्याचा आवाज त्याच्याच तोंडात परत कोंबला. डेकवरची माणसं दोर सोडवतच होती.

तुळजानं समुद्राकडं उतरत गेलेल्या हिरवळीकडं पाहिलं. मग ती वळली ती थेट लिनन रूमकडं. "पोरींनो, पांढऱ्या डबल चादरी, सगळ्या! आणि अभ्रे आणा, वाळू भरायला!"

अरुण मागं धावला. "काय करताय?"

"लिहितेय, सर."

"काय लिहिणार? 'डू नॉट कम' लिहा!"

तुळजा चादरी उचलतच होती. "मधलं 'नॉट' वाऱ्यानं उडालं तर? आपणच त्यांना या म्हटल्यासारखं होईल. 'स्टे' लिहू. इंग्रजीत चारच अक्षरं. एखादं हललं तरी उलटा अर्थ होणार नाही."

अरुणनं बूट काढून फेकले आणि चादरींची थप्पी उचलली.

पहिलं अक्षर घालताना दोघी मुली सवयीनं समुद्राकडं तोंड करून डावीकडून लागल्या. तुळजा ओरडली, "अगं, वाचायचं जहाजावरनं! तिकडनं!" सगळं उचलून दक्षिणेच्या, जहाजावरून डाव्या दिसणाऱ्या टोकाला नेलं. पावसानं भिजलेल्या चादरी जड झाल्या होत्या, हे बरंच झालं. तरी एक सुटली आणि शिडासारखी फुगून नारळाला गुंडाळली गेली. वाळूनं भरलेल्या अभ्र्यांची रांग प्रत्येक कडेवर बसली. कुंड्या आल्या, खुर्च्या आल्या, स्वयंपाकघरातनं दोन मोठी पातेली आली. तुळजाच्या गुडघ्यांचं सालटं निघालं होतं. तिला ते संध्याकाळी कळलं.

शेवटच्या अक्षराचा पाय पुरा झाला आणि सगळे मागं सरले. जहाजावर लाइफबोट अर्धी खाली आली होती.

ती हेलकावली, थांबली.

मग बोट हळूहळू वर जाऊ लागली. डेकच्या कडेला एक नारिंगी आकृती उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर उंच धरले.

सेल्वीनं तुळजाला अशी मिठी मारली की दोघी चिखलात बसल्या.

तीनच्या सुमारास वारा खरोखर फिरला. मुरुगन आणि कोळीवाड्यातले पाच जण दोन फायबर बोटी घेऊन निघाले. चार खेपा झाल्या. माणसं वाळूवर उतरत होती आणि तुळजा प्रत्येकाला कोरड्या टॉवेलात गुंडाळत मोठ्यानं आकडा म्हणत होती. सतरा. अठरा. शेवटी कॅप्टन उतरला. "एकोणीस!" ती एवढ्या जोरात ओरडली की तो दचकला.

"सगळे आले," तो इंग्रजीत म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, "ते कुणी लिहिलं?"

वीस बोटं तुळजाकडं वळली.

"बोट सोडायचा हुकूम माझाच होता," कॅप्टन म्हणाला. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला. तुळजा गडबडून मागं सरली. "अय्यो, नको सर! आधी रसम प्या, गरम आहे."

अठरा दिवसांनी पौर्णिमेच्या भरतीला दोन टगबोटींनी 'अंबरमणी' ओढून काढलं. किनाऱ्यावर जत्रा लोटली होती. जहाज तरंगलं, सरळ झालं, आणि त्याचा भोंगा तीनदा वाजला. गर्दीत मुरुगन शिट्ट्या मारत होता. तुळजा पदर खोचून पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरली आणि दोन्ही हात हलवत घरच्या मराठीत ओरडली, "जा गे बाई, सुखानं जा!"

आसपास कुणालाच ते कळलं नाही. सगळ्यांनी तिच्या सुरात सूर मिळवून आरोळी मात्र ठोकली.