शंभर फूट खाली, तीन हजार फूट वर

पोलिओच असणार, असं वॉर्डात सगळे धरून चालले होते. दोन्ही पाय लुळे, लघवी तुंबलेली. ताप मात्र नाही. बिनतापाचा पोलिओ मला पटेना. साठच्या दशकाची सुरुवात होती. मी बंगळूरच्या एका हॉस्पिटलात ज्युनियर फिजिशियन होतो.

पेशंट वसंतराव, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. त्यांची बायको शांताक्का पलंगाशी उभी होती. ती मला म्हणाली,

"अण्णा, काल सकाळी हे पोहत होते हो."

"पोहत? कुठे?"

"समुद्रात. रामेश्वराच्या बाजूला."

"पोहत नव्हतो," वसंतराव म्हणाले. "स्कूबा. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं. शंभर फुटांवर प्रवाळाची कपार आहे. तिथे एक हेकरू मासा राहतो, माझ्या उंचीहूनही मोठा. आ वासून उभा राहतो आणि बारके मासे आत शिरून त्याचे कल्ले साफ करतात. एकालाही गिळत नाही. मी त्याच्यापासून हातभर लांब होतो, डॉक्टर."

हे सांगताना ते पाय विसरले होते.

"काल किती वेळा उतरलात?"

"तीनदा. सुट्टीचा शेवटचा दिवस होता."

"वर येताना मध्ये थांबलात?"

"पहिल्या दोन्ही वेळा थांबलो. तिसऱ्यांदा हवा संपत आली, सरळ वर आलो. खांदा तेव्हापासूनच दुखतोय. वाटलं, टाकीच्या वजनाने. मग रात्रभर जीपने प्रवास. होसूरचा चढ चढलो तसे पायांना मुंग्या आल्या. आनेकलच्या फाट्यावर उतरायला गेलो, तर उभंच राहता येईना."

पुलाचे पाये खणताना दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना होणारा रोग मी पुस्तकात वाचला होता. त्याला बेंड्स म्हणतात. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला, तर गोळी सोड्याची बाटली फोडल्यासारखे अंगात बुडबुडे उठतात. यांचे मज्जारज्जूत उठले होते. त्यात बंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट उंच. इथल्या विरळ हवेने ते आणखी फुगवले.

उपाय एकच. पेशंटला लोखंडी चेंबरमध्ये ठेवून पुन्हा दाबाखाली न्यायचं. तसा चेंबर किनाऱ्यावर, नौदलाकडे होता. सुपरिंटेंडेंट साहेबांनी तातडीने फोन फिरवले.

"दुपारच्या विमानात जागा मिळतेय. संध्याकाळच्या आत पोचेल."

"सर, विमान नको. वर हवा याहून विरळ."

"केबिनमध्ये दाब असतो, डॉक्टर."

"हे जुनं डाकोटा विमान आहे, सर. त्यात नसतो."

"आणि रेल्वेने उद्या उजाडेल. तोवर मज्जारज्जू मेला तर?"

दोघांचंही खरं होतं. साहेबांनी रेल्वेचं वेळापत्रक पुढे ओढलं.

"जबाबदारी तुमची?"

"माझी."

ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन मी वसंतराव आणि शांताक्काबरोबर रेल्वेत बसलो. गाडी घाट उतरली तसा वसंतरावांचा खांदा हलका झाला. पाय तसेच राहिले. मी टाचणी टोचत बधिरपणा कुठवर आलाय ते बघत होतो. तो कमरेवरून पोटापर्यंत चढला होता. वसंतराव आधी माझा हात बघायचे, नंतर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"चालतील ना हो, अण्णा?" शांताक्काने विचारलं.

"आधी जगू देत, अक्का."

ते जगले. चेंबरमधून काढल्यावर डाव्या पायात थोडी ताकद आली, लघवी होऊ लागली. उजवा पाय कायमचा गेला. पुढे ते कुबड्यांवर कॉलेजात जात, तळमजल्यावरच्या वर्गात शिकवत. पाण्यात पुन्हा उतरले नाहीत.

एकदा बाजारात शांताक्का भेटली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अण्णा, विमानाने नेलं असतं तर?"

"कदाचित वाटेतच गेले असते."

"कदाचित," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

काय खाल्लं ते आपण पेशंटला विचारतो. कुठून आलात आणि किती चढून आलात, हेही विचारावं. विचारल्यामुळे रोग कळतो. बरा होतोच असं नाही.