गेंड्याला घाई नव्हती

माझ्या लहानपणी टीव्हीवर एक गेंडा यायचा. लाल कोट, शिंगावर अडकवलेली आचाऱ्याची पांढरी टोपी आणि गुडघ्यांना ठिगळं. मोठ्या शहरांत बर्गर विकणाऱ्या एका कंपनीची ती जाहिरात होती. सोलापुरात त्यांचं दुकान नव्हतं, म्हणजे आम्हाला तो पाव खायला मिळणार नव्हता. तरी जाहिरात यायची आणि मी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर जाऊन बसायची.

जाहिरातीत एक लहान मुलगा काउंटरशी यायचा आणि काय हवं ते त्याला पटकन सांगता यायचं नाही. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायची. मग गेंडा काउंटर ओलांडून बाहेर यायचा, त्या मुलासमोर फरशीवर फतकल मारून बसायचा, कान पुढे करायचा आणि म्हणायचा, "आराम से बोल दोस्त, हमें कोई जल्दी नहीं."

मी बोलताना अडखळते. तेव्हा आतापेक्षा जास्त अडखळायची. 'प'वर अडकायची, 'क'वर अडकायची, आणि स्वतःचं नाव सांगताना तर हमखास. गल्लीतल्या दुकानात पोहे आणायला गेले की माझं 'प... प...' चालू असतानाच दुकानदार पापडाचं पाकीट पुढे सरकवायचा. मान हलवून नको म्हणण्यापेक्षा पापड घेऊन घरी जाणं मला सोपं वाटायचं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त वेळ नव्हता. वेळ कुणालाच नव्हता. माझं वाक्य पुरं करायला सगळे टपलेले असायचे, आणि प्रत्येक जण ते चुकीचंच पुरं करायचा.

आई घरीच विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात कापलेली पानं. आमच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे जाहिरातीतलं हिंदी तिला फारसं कळायचं नाही. पण त्या जाहिरातीचं संगीत सुरू झालं की मान वर न करता ती विचारायची, "वच्चिंडा?" म्हणजे, आला का? तिने त्याला नावही ठेवलं होतं, गेंडान्ना. अन्ना म्हणजे थोरला भाऊ.

एकदा तिने विचारलं की इतक्या जाहिराती लागतात, तुला हाच का एवढा आवडतो. मी सांगायला लागले. तो खाली बसतो, तो मध्ये बोलत नाही, तो वाट बघतो. एवढंच सांगायचं होतं, पण मला फार वेळ लागला. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आईचे हात थांबलेत. ताप असला तरी तिचे हात चालायचे, पाहुणे आले तरी चालायचे. त्या दुपारी ते थांबले, आणि माझं शेवटचं वाक्य पुरं होईपर्यंत तसेच राहिले. मग ती पुन्हा विड्या वळायला लागली.

सहावीत आम्हाला मराठीला एक सर होते. रोज एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायचे. माझी पाळी आली की वर्गात आधीच खसखस पिकायची. एका सकाळी मी दुसऱ्याच शब्दावर अडकले आणि सर म्हणाले, चल, चल, आटप, अख्खा वर्ग खोळंबलाय. माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मला आजही नवल वाटतं.

"स... सावकाश वाचते सर. मला घाई नाही."

वर्ग हसला. सरांना तो उद्धटपणा वाटला. मला पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. दुसऱ्या दिवशी मी तेच म्हणाले, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर टाकीजवळ काढल्यावर आईला शाळेत बोलावलं.

आई कामावरून उठून तशीच आली. बोटं तंबाखूने तपकिरी झालेली, अंगाला तोच वास. सर बराच वेळ बोलले. मुलगी उलट उत्तरं देते, टीव्ही बघून बिघडली आहे, जाहिरातीतली वाक्यं फेकते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "ती वाचंल की सर. तुमी थांबा की."

सर काही विरघळले नाहीत. पण त्यानंतर माझी पाळी ते तासाच्या शेवटी ठेवू लागले, आणि घंटा होईपर्यंत जेवढं होईल तेवढं मी वाचायची. कधी चार ओळी, कधी दीड. मुलं वैतागायची. मी वाचत राहिले.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या कंपनीचं दुकान सोलापुरात आलं. मी आईला घेऊन गेले. गेंडा कुठेच नव्हता, भिंतीवर नाही की कागदी पिशवीवर नाही. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर तिला ठाऊकच नव्हता. आईने बर्गर उघडून आत पाहिलं, पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून त्यावर भुरभुरली आणि निम्मा खाऊन बाजूला ठेवला. पाव चांगला नव्हता, हे मी कबूल करते. त्या पावाशी माझं कधीच देणंघेणं नव्हतं.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. गेल्या वर्षी शहरात जिल्ह्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मुलांचा आहार आणि जाहिराती असा विषय. तज्ज्ञ गृहस्थांनी पडद्यावर जुन्या जाहिराती दाखवल्या, आणि त्यांत अचानक तो आला. लाल कोट, ठिगळं. तज्ज्ञ म्हणाले, बघा, याला म्हणतात भावनिक सापळा. या गेंड्यावर प्रेम करणारी पिढी फसवली गेली. सभागृह हसलं.

मी उभी राहिले. म्हणाले की तो पाव विकायला बनवला होता हे मला माहीत आहे. बनवणाऱ्यांना माझा पत्ता नव्हता, माझ्यासाठी त्यांनी काही केलं नाही. मुलांनी तसलं खाऊ नये हेही मी वर्गात शिकवते. पण मी दहा वर्षांची असताना अडखळणाऱ्या मुलासमोर खाली बसून ऐकणारं टीव्हीवर दुसरं कुणी नव्हतं, आणि शाळेत तर नव्हतंच. मी ते त्याच्याकडून घेतलं. बदल्यात तेव्हा त्याला काही दिलं नाही. मग फसवलं कुणी कुणाला?

हे बोलायला मला पुष्कळ वेळ लागला. मध्ये तज्ज्ञांनी माझं एक वाक्य पुरं करून दिलं. मी ते नाकारलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. टाळ्या पडल्या नाहीत. मुद्दा वैयक्तिक आहे, असं म्हणून ते पुढच्या चित्राकडे वळले. मी बसले. लाज वाटत नव्हती.

चहाच्या सुट्टीत केम गावाकडच्या एक शिक्षिका कप घेऊन माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, माजी थोरली तुमच्यावानीच बोलतीय. तिला मास्तरीण व्हायचंय. समदे म्हनत्यात, तुला न्हाय जमायचं." मी काही म्हणायच्या आत त्यांनी घरी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे मुलगी होती. अडखळत, थांबत तिने मला एकच विचारलं. वर्गात पोरं हसत नाहीत का?

"ह... हसतात की," मी म्हणाले. "त्यांचं हसून झालं की मी शिकवते."