उलटी बाजू

तुमसरच्या बँकेत तो माझ्या शेजारी बसला होता. विणकर होता. खांद्यावरचा हातमागाचा दुपट्टा मांडीवर घेऊन धाग्यांच्या गाठी अंगठ्यानं चाचपत होता. कारकुनानं कॉम्प्युटरकडे पाहिलं, की अंगठा थांबायचा.

"पोरीच्या नर्सिंगसाठी लोन पायजे," तो हळूच म्हणाला. "मांगं मोटरसायकलचे हप्ते थकले होते माह्ये. सप्पा फेडले, वर्सं झाले त्याले. अजून किती वर्सं याद ठेवतीन हे बँकवाले, भाऊ?"

मी हातातलं पासबुक मिटलं.

"आमी कापडातली गाठ उलट्या बाजूले ठेवतो," तो म्हणाला. "हे लोक पयले उलटीच बाजू पाह्यतेत का?"

"पोरीला माहीत आहे?"

त्यानं मान हलवली. "नाही सांगतलं."

अर्जावर दोघांची सही लागते, म्हणून मुलगी सोबत आली होती. ती पाणी पिऊन आली, तेवढ्यात साहेबांनी दोघांना आत बोलावलं. काचेपलीकडे साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. मुलगी वाचायला पुढे वाकली.

तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि दुपट्ट्यावरचा अंगठा थांबला होता.